'इन द नेम ऑफ द फादर': बाप-लेकाची ती कोठडी खरी नव्हतीच. मग?

शेवटची_लोकल

जिम शेरिडनचा 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) इथे बऱ्याच जणांनी पाहिला असणार. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, पुढे सगळी कथा फुटणार आहे.

५ ऑक्टोबर १९७४ ला लंडनजवळच्या गिल्डफर्डमध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने दोन पबांत बॉम्ब ठेवले. पाच जण गेले, त्यातले चार सैनिक. बेलफास्टचा जेरी कॉनलन तेव्हा विशीतला, भुरट्या चोऱ्या करणारा, बापाच्या जिवाला घोर लावणारा पोरगा. पोलिसांनी त्याला उचललं, बडवलं, कबुलीजबाबावर सही घेतली. त्याच्यासाठी वकील बघायला म्हणून वडील जुझेपे लंडनला आले, तर त्यांनाही आत टाकलं. या स्फोटांसाठी शिक्षा झालेले जेरी, पॉल हिल, पॅडी आर्मस्ट्राँग आणि कॅरोल रिचर्डसन हे चौघं १९८९ मध्ये सुटले. जुझेपे १९८० मध्येच कैदेत असताना वारले.

सिनेमाचा जीव आहे तो बाप-लेकाच्या कोठडीत. दोघं भांडतात, एकमेकांचा राग राग करतात, आणि हळूहळू पोराला बाप कळायला लागतो. मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रडलो. मग वाचायला घेतलं, तर ते दोघं एका कोठडीत कधी नव्हतेच! काही काळ एका तुरुंगात होते, बस्स.

आता माझा प्रश्न. 'सत्यकथेवर आधारित' म्हणायचं आणि सिनेमाचा कणाच मनाने रचायचा, ही प्रेक्षकाची फसवणूक आहे की नाही? माझ्या मते आहे. त्यातून विषय काय, तर खोटा पुरावा रचून माणसांना अडकवल्याचा!

मिरजकर

आपल्याकडे 'सत्य घटनेवर आधारित' सिनेमात हिरो हेलिकॉप्टरला लटकतो हो. तुम्ही एका कोठडीवरून कुठे रडताय.

पमाक्का

लोकल, मला नाही पटलं.

तो मेडलचा प्रसंग आठवा. लहानपणी फुटबॉलचं मेडल मिळालं त्या दिवशीसुद्धा बाप चुकाच शोधत होता, ही वर्षानुवर्षं साठलेली आग जेरी कोठडीत पहिल्याच दिवशी ओकतो. मी काही चांगलं केलं की तुम्ही कुठे असता, वाईट केलं की बरोबर हजर! हे बोलायला दोघं एका खोलीत हवेत आणि दाराला बाहेरून कुलूप हवं. भेटीच्या खोलीत, पहारेकऱ्यासमोर, घड्याळ बघत असं भांडण होत नाही. तिथे माणसं 'जेवलास का' एवढंच विचारतात.

शेरिडनने त्यांना एकत्र कोंडलं म्हणून आपल्याला ते बोलणं ऐकू आलं. नाटकवाल्यांना विचारा, दार बंद केल्याशिवाय संवाद सुचत नाहीत.

खडकीचा_वकील

कोठडीबद्दल माझी तक्रार नाही. कोर्टाबद्दल आहे, आणि ती मोठी आहे.

शेवटच्या प्रसंगात एमा थॉम्पसन (जेरीची वकील गॅरेथ पिअर्सच्या भूमिकेत) कोर्टात कागद फडकावते. एका माणसाची साक्ष जेरीला निर्दोष ठरवणारी होती आणि तिच्यावर 'बचाव पक्षाला दाखवू नये' अशी चिठ्ठी, असा तो सीन. टाळ्या पडतात. पण पिअर्स सॉलिसिटर. अपील कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणं हे तिथे बॅरिस्टरचं काम. शिवाय ॲलिस्टर लोगन नावाचे सॉलिसिटर आर्मस्ट्राँगसाठी सुरुवातीपासून वर्षानुवर्षं लढले, ते सिनेमात औषधालाही नाहीत.

साक्ष दाबली गेली हे खरं. पण १९८९ मध्ये निकाल फिरला तो दुसऱ्याच कागदांवर. आर्मस्ट्राँगच्या चौकशीची टिपणं पोलिसांनी कोर्टात 'चौकशी चालू असताना हाताने लिहिलेली' म्हणून दिली होती. नंतर दुसऱ्या दलाच्या पोलिसांनी फायली उपसल्या तर त्याच टिपणांचा टाइप केलेला मसुदा सापडला, त्यावर हाताने खाडाखोड, भर घातलेली. म्हणजे आधी मजकूर जुळवला, टाइप केला, सुधारला, आणि मग 'तेव्हाच लिहिलं' असं दाखवायला हाताने उतरवून काढला. लॉर्ड चीफ जस्टिस लेन यांना पोलिस खोटं बोलले असं म्हणावं लागलं. पुढे तीन पोलिसांवर खटला चालला, १९९३ मध्ये तिघंही सुटले.

फरक बघा. सिनेमात एक दुष्ट अधिकारी एक कागद लपवतो. प्रत्यक्षात चार-सहा माणसं ऑफिसात बसून, चहा पीत, टायपिंग करत होती. मला दुसरं जास्त भीतीदायक वाटतं.

टिल्लू

वकीलसाहेब आले. धागा आता शंभरी गाठणार. मी चकल्या घेऊन बसतो.

किलबर्नवाली

मी वायव्य लंडनमध्ये राहते. पूर्वी हा सगळा आयरिश लोकांचा भाग, जेरी राहायचा ते वसतिगृहही इकडेच किलबर्नला होतं. आमच्या शेजारच्या आयरिश आजी सांगतात, १९७४ च्या हिवाळ्यात त्या बसमध्ये तोंडच उघडायच्या नाहीत. तोंड उघडलं की हेल ओळखायचे. कंडक्टरला नुसते पैसे पुढे करायचे आणि बोटाने दाखवायचं.

गिल्डफर्डनंतर नोव्हेंबरमध्ये लंडनच्या वूलिचमध्ये पबवर स्फोट झाला, मग बर्मिंगहॅमला दोन पबांत २१ माणसं गेली, आणि लगोलग दहशतवादविरोधी कायदा आला. संशयिताला आरोप न ठेवता सात दिवस डांबून ठेवायची सोय त्यात होती. गिल्डफर्डचे चौघं हे त्या कायद्याचे अगदी पहिलेवहिले गिऱ्हाईक.

जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर माझा नवरा पाठीवरची सॅक सोडून हातात कापडी पिशवी न्यायला लागला होता. कोणी सांगितलं नव्हतं. आजींनी ती पिशवी बघून मला चहाला बोलावलं होतं.

रसायनी

सिनेमात घाईने उरकलेला भाग म्हणजे जुझेपेंवरचा पुरावा. त्यांचा खटला वेगळा होता, लंडनमधल्या नातेवाईक मग्वायर कुटुंबाबरोबरचा, 'मग्वायर सेव्हन'. त्यांनी कबुली दिलीच नव्हती. सगळा भार हातांवर आणि हातमोज्यांवर नायट्रोग्लिसरीनचे अंश सापडले यावर.

चाचणी होती टीएलसी, थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. कॉलेजात शाईचे रंग वेगळे करायला आपण जी करतो तिचीच ताई. प्लेटवर ठिपका किती वर चढला ते बघायचं. तेवढ्याच उंचीवर चढणारा दुसरा पदार्थ असू शकतो, म्हणून असा ठिपका 'हे असू शकेल' एवढंच सांगतो. 'हेच आहे' म्हणायला दुसऱ्या पद्धतीने खातरजमा हवी, आणि इथे ती करायला नमुनाच उरला नव्हता. समजा ते नायट्रोग्लिसरीनच होतं असं धरलं, तरी ते हातावर आलं कुठून? १९९१ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केल्या तेव्हा हाच मुद्दा होता. घरातल्या एका टॉवेलला हात पुसूनसुद्धा ते सगळ्यांच्या हाताला लागू शकतं.

घरातल्या धाकट्याला अटक झाली तेव्हा तो १३ वर्षांचा होता. त्याला चार वर्षांची शिक्षा. त्याच्या आईला चौदा.

शेवटची_लोकल

@पमाक्का, नाटकाचा मुद्दा कळला. मग पाटी लावू नका ना. नावं बदला, 'काल्पनिक' म्हणा, मी दुप्पट रडेन.

@वकील, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने आहात की!

खडकीचा_वकील

मी कोणाच्याच बाजूने नसतो, फी ठरेपर्यंत.

मिरजकर

पीट पोस्टलथ्वेट १९४६ चा आणि डॅनियल डे-लुईस १९५७ चा. बाप पोरापेक्षा अकरा वर्षांनी मोठा!

आणि आपली निरूपा रॉय १९३१ ची, अमिताभ १९४२ चा. तिथेही अकराच. यावर कोणीतरी पीएचडी करा.

पमाक्का

हसून हसून पुरेवाट! आणि दोन्हीकडे खरं वाटतं, हे विशेष.

गंमत सोडा, पोस्टलथ्वेटने त्या भूमिकेत आवाज कधी चढवलाय का आठवून बघा. ऑस्करची सात नामांकनं होती सिनेमाला, त्यात त्याचंही एक. हाती एकही लागलं नाही.

सुमीची_आई

सगळे बाप-लेकाबद्दल बोलताहेत. मला आईबद्दल बोलायचंय.

सारा कॉनलन. सिनेमात ती दारात उभी राहते, रडते, संपलं. खरी सारा बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा इंग्लंडच्या तुरुंगात, मुलगा बहुतेक वेळा इंग्लंडच्याच दुसऱ्या तुरुंगात. घरी मुली. वर्षाची सुट्टी मिळायची ती समुद्र ओलांडून या दोघांना भेटण्यात जायची. पत्रं, पार्सलं, चर्चमधल्या मोठ्या लोकांना गाठणं, राजकारण्यांना गाठणं. नवरा गेल्यावरही ती थांबली नाही, कारण त्याच्या नावावरचा डाग तसाच होता. ९ फेब्रुवारी २००५ ला टोनी ब्लेअरने जाहीर माफी मागितली, त्याच्यामागे तिचाच रेटा होता. २००८ मध्ये ती गेली.

कोठडीत कोंडलेल्या दोन पुरुषांचं नाट्य दिसतं. बाहेर राहून भाकरी कमावणारी, रजेचा अर्ज देणारी, बोटीचं तिकीट काढणारी बाई पडद्यावर येत नाही, कारण तिच्या कामात 'सीन' नाही. लोकल, तुम्ही फसवणुकीबद्दल विचारता ना? जे रचलं त्यापेक्षा जे गाळलं त्याने मला जास्त फसवल्यासारखं वाटलं.

किलबर्नवाली

सुमीची_आई, दोनशे टक्के सहमत.

टिल्लू

शंभर टक्क्यांत भागत नाही का हल्ली?

गोदाकाठचा

इतक्या लांब जायची गरज नाही. जालना जिल्ह्यातली २००३ ची केस बघा. शेतातल्या घरावर रात्री दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली, म्हणजे सहाच्या सहा फासावर. नंतर कळलं की त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सरकारने प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा आदेश झाला.

सोळा वर्षं. पाच लाखांना सोळाने भागून बघा.

यावर कोणी सिनेमा काढलेला मला माहीत नाही. पालावरच्या माणसांच्या आईबापांनी कुठे कुठे चकरा मारल्या असतील, कोणाला माहीत.

खडकीचा_वकील

गोदाकाठचा यांनी चांगली केस आणली. 'बचाव पक्षाला दाखवू नये' ही चिठ्ठी दर वेळी लिहावी लागतेच असं नाही.

भरपाईबद्दल: आपल्याकडे चुकीच्या कारावासासाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता. तोवर कोर्टाच्या मर्जीवर. बिहारच्या रुदुल साह खटल्यात माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. मधली चौदा वर्षं त्याला सोडायचंच राहिलं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३५,००० रुपये दिले, आणि तो निकाल आम्हाला कॉलेजात 'ऐतिहासिक' म्हणून शिकवला. ऐतिहासिक आहेच, म्हणा.

ब्रिटनने निदान एक केलं. अशी प्रकरणं पुन्हा तपासायला १९९७ मध्ये स्वतंत्र आयोग काम करू लागला. अपील संपल्यावरही दार ठोठावायला एक जागा.

अवकाळी

मुंबई लोकलच्या साखळी स्फोटांचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? ११ जुलै २००६. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना शिक्षा दिली, पाच फाशी, सात जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एक जण त्याआधीच, २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असताना कोरोनाने गेला होता. हाच आपला जुझेपे.

आणि मुद्दा तोच, कबुलीजबाब. वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी घेतलेले, आणि मजकूर एकमेकांसारखा.

सरळरेषा

झालं सुरू. प्रत्येक धाग्यात आरोपींची आरती. जे मेले त्यांचं कोणी नाव घेतं का? माझ्या ओळखीतले एक गृहस्थ त्या दिवशी पहिल्या वर्गाच्या डब्यात होते. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी सांगायचं, की कोणीच केलं नाही?

आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आहे, तेही लिहा की.

खडकीचा_वकील

@सरळरेषा, २४ जुलैचा आदेश असा: हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढ्यापुरती स्थगिती. सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही. सरकारचं अपील दाखल आहे, त्यामुळे शेवटचा शब्द अजून यायचा आहे. अवकाळी, म्हणून 'हाच आपला जुझेपे' असं मी आज म्हणणार नाही.

कबुलीबद्दल दोन ओळी, कारण हा खरा सांधा आहे. पोलिसासमोरची कबुली आपल्याकडे पुराव्यात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. इंग्रजांनी हे कलम आपल्यासाठी घातलं, स्वतःच्या देशात मात्र पोलिसासमोरची कबुली चालू ठेवली. गिल्डफर्डचे चौघं त्यावरच गेले, दुसरा पुरावा जवळपास शून्य. आणि आपण काय केलं? मोक्कात कलम १८ घातलं. पोलिस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली कबुली चालेल. म्हणजे साहेबांनी कुंपण घातलं होतं, ते आपणच विशिष्ट गुन्ह्यांपुरतं काढलं.

गोदाकाठचा

@सरळरेषा, तुमचा राग कळतो. पण गिल्डफर्डमध्येही नेमकं तेच झालं. बॅल्कम स्ट्रीटवर पकडलेल्या आयआरएच्या माणसांनी १९७७ मध्येच सांगितलं होतं, की गिल्डफर्ड-वूलिच आम्ही केलं, आत बसलेले भलतेच आहेत. अपील कोर्टाने ऐकलं नाही. चौघं आणखी बारा वर्षं आत. आणि ज्यांनी कबूल केलं त्यांच्यावर गिल्डफर्डसाठी खटला कधी चाललाच नाही. गेलेल्या पाच जणांच्या घरच्यांना काय मिळालं?

चुकीचा माणूस आत टाकला की मेलेल्याच्या घरच्यांचीही फाईल बंद होते.

सरळरेषा

हे मान्य. १९७७ ची गोष्ट माहीत नव्हती. पण सिनेमा त्या पाच जणांची नावंसुद्धा घेत नाही, हेही तुम्ही मान्य करा. सुरुवातीला स्फोट, गाणं, आणि चला बेलफास्टला.

संपादक_मंडळ

प्रलंबित प्रकरणावर निकाल देऊ नये ही विनंती. एक प्रतिसाद उडवला आहे. सिनेमाबद्दल बोलावे.

टिल्लू

उडवलेला माझा नव्हता. यावेळी.

ओहायोतला_बंड्या

अवांतर, पण विषयाला धरून. 'कन्व्हिक्शन' (२०१०) पाहिलाय का कोणी? हिलरी स्वँक, सॅम रॉकवेल. हीदेखील खरी गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या केनी वॉटर्सला १९८३ मध्ये खुनासाठी जन्मठेप झाली. त्याची बहीण बेटी ॲन, शाळा अर्धवट सोडलेली, दोन मुलांची आई. भावाला सोडवायचं म्हणून आधी शाळेची परीक्षा, मग कॉलेज, मग लॉ. कोर्टाच्या तळघरातून जुने रक्ताचे नमुने हुडकले, २००१ मध्ये डीएनएवर भाऊ सुटला.

सिनेमा तिथे संपतो. प्रत्यक्षात केनी सुटल्यावर सहा महिन्यांत भिंतीवरून पडून वारला. सिनेमाने ते सांगितलंच नाही. लोकल, हा खटला तुमच्या कोर्टात कसा चालेल?

शेवटची_लोकल

बंड्या, यात रचलेलं काही नाही, नुसतं वेळेवर थांबलेत. सुमीची_आईच्या कोर्टात पाठवतो, गाळल्याचे खटले तिथे चालतात.

विदर्भकन्या

बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे. आज लिहिते.

माझे एक काका खोट्या केसमध्ये काही वर्षं कच्चे कैदी होते. नंतर निर्दोष सुटले. कुठली केस, कुठला तुरुंग, ते राहू द्या. आजी दर मुलाखतीला जायची. सकाळी लवकर जाऊन नाव लावायचं, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, पुकारा होईपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसायचं. मग काचेच्या अलीकडे आजी, पलीकडे काका, मध्ये फोन. फोन खरखरायचा. आजीला कमी ऐकू यायचं. त्यामुळे तिने विचारायचं आणि त्याने मान हलवायची, एवढंच. पमाक्कांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, 'जेवलास का' याच्यापुढे गाडी जात नाही. कँटीनसाठी मनिऑर्डर केली का, चादर मिळाली का, वकिलाने तारीख काय सांगितली. भांडायला वेळच नसतो. रडायलाही नसतो, कारण रडलं की तेवढी मिनिटं जातात.

शेजारी आम्ही सांगायचो की काका पुण्याला नोकरीला आहेत. दिवाळीत विचारलं की सुट्टी मिळाली नाही. तीन एकरांतलं दीड एकर वकिलात गेलं.

महाराष्ट्रात तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम असतो, लहान मुलांना आत नेऊन काचेशिवाय भेटू देतात. काका अविवाहित. आजीला वाटायचं आपल्यालाही नेतील. तिने तिथल्या शिपाई बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आजी, ते लेकरांसाठी असतं. आजी म्हणाली, तो माझं लेकरूच आहे.

काका सुटून आले तेव्हा घरात कोणाला काय बोलावं कळेना. आजी आणि ते दोघं एकाच खोलीत झोपायचे. रात्री भांडण्याचे आवाज यायचे. कोणत्यातरी जुन्या बैलाच्या विक्रीवरून, माझ्या जन्माच्या आधीच्या. आई म्हणायची, भांडू दे त्यांना.

तर मूळ प्रश्नाबद्दल. ती कोठडी खरी नव्हती हे मला इथेच कळलं. मला फसवल्यासारखं वाटलं नाही. शेरिडनने त्या दोघांना ते भांडण मिळवून दिलं, एवढंच.

पमाक्का

विदर्भकन्या, लिहीत राहा. एवढंच म्हणते.

मिरजकर

माझे आधीचे विनोद मागे घेत नाही, पण आज आणखी करत नाही.

सुमीची_आई

विदर्भकन्या, आजींना नमस्कार.

एक गोष्ट राहिली होती, ती मांडते, कारण लोकलचा प्रश्न मला आता वेगळा दिसायला लागलाय. जेरीने सही का केली? सिनेमात पोलिस अधिकारी कानात सांगतो की तुझ्या बापाला गोळी घालीन. जेरीच्या आत्मकथनात धमकी आईबद्दलची आहे. आईची धमकी बापाची केली, कारण सिनेमाचं नावच तसं! पण मुद्दा असा, की मार खाऊन न मोडलेला पोरगा घरच्यांच्या नावाने मोडला. माया होती म्हणून सही झाली.

आणि मोडल्यावर त्याच्या तोंडून कोणाचं नाव निघालं? ॲनी मग्वायरचं. ती त्याची सख्खी मामी, साराच्या भावाची बायको. बॉम्ब करायला मामीने शिकवलं, असा मजकूर त्या जबाबांत आला. त्या नावावरून पोलिस तिच्या घरी गेले. जुझेपे त्याच दिवशी बेलफास्टहून येऊन तिथेच उतरले होते, कारण लंडनमध्ये उतरायला दुसरं कोणाचं घर? मामी, मामा, त्यांची दोन पोरं, सगळे आत.

म्हणजे बाप पोरासाठी धावत आला आणि पोराच्याच जबाबाच्या वाटेवर सापडला. त्या कोठडीत दोघं खरंच असते, तर मेडलवरून नसते भांडले. यावर भांडले असते, नाहीतर यावर एक अक्षर न बोलता वर्षं काढली असती. सिनेमाने कोठडी रचली याला माझी हरकत नाही. त्या कोठडीत हे भांडण आणायची हिंमत केली नाही, याला आहे.

खडकीचा_वकील

हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

न्यायाधीश डोनल्डसन यांनी शिक्षा सुनावताना खंत व्यक्त केली होती, की या चौघांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला नाही. खुनासाठी फाशी तोवर गेली होती, राजद्रोहासाठी शिल्लक होती. तसं झालं असतं तर माफी मागायला, भरपाई द्यायला, सिनेमा काढायला कोणी उरलं नसतं. मामींना निदान ती चौदा वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर, १९९१ मध्ये का होईना, 'निर्दोष' ऐकायला मिळालं.

शेवटची_लोकल

सुमीची_आई, तुम्ही माझी तक्रार काढून घेतलीत आणि दुसरी, जड तक्रार हातात दिलीत.

मी तरी अजून म्हणतो, शेवटच्या पाटीवर एक ओळ टाकायला काय जात होतं? 'बाप-लेक वेगवेगळ्या कोठड्यांत होते.' शेवटी पाट्या दाखवतातच की, कोण कधी सुटलं, पोलिसांचं काय झालं. त्यात एक ओळ. मी तेव्हाही रडलोच असतो, बहुतेक जास्त.

किलबर्नवाली

जेरी २०१४ मध्ये गेला, साठाव्या वर्षी. सुटल्यावर तो कित्येक वर्षं दारू आणि ड्रग्जमध्ये बुडाला, आत्महत्येचे प्रयत्न केले, आणि मग सावरून दुसऱ्यांच्या चुकीच्या शिक्षांविरुद्ध बोलत फिरला. कोर्टाच्या पुढच्या दाराने ताठ बाहेर पडणारा जेरी सगळ्यांच्या लक्षात आहे. सिनेमा तिथेच थांबतो, बंड्याच्या 'कन्व्हिक्शन'सारखाच.

गोदाकाठचा

तो जुझेपे गेल्यावरचा सीन मात्र कोणी विसरू शकत नाही. कैदी पेटते कागद खिडक्यांतून खाली सोडतात. ते चित्रीकरण डब्लिनच्या किलमेनम तुरुंगात झालंय. आता तिथे संग्रहालय आहे, आयर्लंडला गेलात तर बघून या.

नवा_गडी

धागा वाचून आज रात्री बघायचं ठरवलंय. बेलफास्टचं इंग्रजी कळेल का? सबटायटल्स लागतील?

टिल्लू

इंग्रजी सबटायटल्स लावा, लाजू नका. पहिली वीस मिनिटं मला वाटलं होतं सगळे कोकणीत बोलताहेत.

नवा_गडी

पण तुम्ही सगळ्यांनी शेवट सांगूनच टाकलात राव.

शेवटची_लोकल

पहिल्या परिच्छेदात परत फिरा म्हटलं होतं, गडी.